सहा महिने झाले, हमिंग नाही: कीबोर्ड आणि लॅपटॉपसाठी घेतलेल्या डीआय बॉक्सबद्दल

आधीच सांगते, हा रिव्ह्यू एका लोखंडी डबीचा आहे. तिला लाईट लागत नाही, बॅटरी लागत नाही, स्क्रीन नाही, साधा एक दिवासुद्धा लुकलुकत नाही. आणि तरी आमच्या चर्चच्या साउंडवर आजवर जेवढा खर्च झाला त्यातला सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकते.

वस्तू म्हणजे दोन चॅनेलचा पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज माइकच्या वायरीतून मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी डबी. एकसारखे दोन घेतले, एक कीबोर्डला आणि एक लॅपटॉपला. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाहीये कारण आत ट्रान्सफॉर्मर असलेला कुठलाही बरा पॅसिव्ह डीआय हेच काम करतो, आणि मला जे सांगायचंय ते डबीपेक्षा ती कुठे लावायची आणि ती काय काय करू शकत नाही याबद्दल जास्त आहे.

आमची मांडणी अशी. मी उपासनेत कीबोर्ड वाजवते. लॅपटॉपही माझ्याच बाजूला असतो, त्याच्यावरून गीतांचे शब्द प्रोजेक्टरला जातात, कधी ट्रॅक वाजतो, कधी संदेशाच्या आधी एखादा व्हिडिओ. मिक्सर हॉलच्या पार मागच्या टोकाला, आणि स्टेजपासून तिथपर्यंत साधारण २५ मीटरचा स्नेक (बऱ्याच माइकच्या वायरी एकत्र असलेली जाड केबल) टाकलेला. स्नेकच्या स्टेजकडच्या डब्यावर सगळे कॅननचे सॉकेट, म्हणजे तीन पिनवाले, माइकचे. आता कीबोर्डच्या मागे असतात पी-३८ चे (गिटारच्या वायरीच्या जाड पिनचे) भोक आणि लॅपटॉपला असतो छोटा ईपीचा, म्हणजे हेडफोनचा जॅक, तर हे त्या कॅननमध्ये घुसवायचं कसं? आम्ही तेच केलं जे सगळे करतात, एका बाजूला पी-३८ आणि दुसऱ्या बाजूला कॅनन अशी वायर सोल्डर करून घेतली आणि ठोकून दिली.

आवाज आला का? आला. त्याच्याबरोबर घुंंऽऽ पण आला, हेच ते हमिंग.

हे का होतं ते मला खूप उशिरा कळलं. माइकची वायर बॅलन्स्ड असते, तिच्यात दोन तारा सिग्नलच्या, एक सरळ आणि एक उलटा, आणि वरून जाळी. वाटेत जो कचरा दोन्ही तारांवर सारखा चढतो तो मिक्सर वजा करून टाकतो. कीबोर्डचं आउटपुट बहुतेक वेळा अनबॅलन्स्ड, एकच तार आणि जाळी, म्हणजे वजाबाकीला दुसरं काही नाहीच. अशी वायर पाच-सहा मीटरपर्यंत निभावून नेते, २५ मीटर नेली की ती वायर राहत नाही, अँटेना होते. आणि कनेक्टर कॅननचा लावला म्हणून सिग्नल बॅलन्स्ड होत नाही, ही एक गोष्ट कुणी मला पहिल्या दिवशी सांगितली असती तर किती डोकेदुखी वाचली असती.

दुसरी भीती फँटमची. मिक्सरवर कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट चालू करतात, आणि बऱ्याच मिक्सरला ते बटण सगळ्या चॅनेलला मिळून एकच असतं. म्हणजे गायनमंडळाच्या माइकसाठी दाबलं की ते व्होल्टेज माझ्या कीबोर्डच्या आउटपुटवर पण येऊन बसणार. आमचा कीबोर्ड वाचला, पण ते आमचं शहाणपण नव्हतं, नशीब होतं.

डीआय मध्ये आल्यावर हे दोन्ही विषय संपतात. कीबोर्डपासून डबीपर्यंत दोन मीटरची साधी वायर, डबीतून पुढे साधी माइकची वायर स्नेकला. आतला ट्रान्सफॉर्मर सिग्नल बॅलन्स्ड करतो, लेव्हल साधारण २० डीबी खाली आणून माइकसारखी करतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या सिग्नलच्या तारांचा संबंधच तोडतो (जाळी मात्र जोडलेलीच राहते, तिचं पुढे सांगते), आवाज चुंबकातून पलीकडे जातो. फँटम आलं तरी ते ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूलाच अडकतं, कीबोर्डपर्यंत पोचत नाही.

पहिल्या रविवारी कीबोर्डची डबी लावली, घुंं निम्म्याहून कमी झाला. निम्म्याहून कमी, शून्य नाही. मी हिरमुसले. मग साउंडवाला दादा आला, डबीच्या कडेला एक बारीक स्विच असतो त्याच्यावर ग्राउंड लिफ्ट लिहिलेलं, तो त्याने नखाने सरकवला आणि काय सांगू, एकदम शांत. इतकं शांत की मला वाटलं चॅनेलच बंद पडला, पट्टी दाबून बघितली तेव्हा खात्री पटली.

ग्राउंड म्हणजे अर्थिंगची बाजू, आणि ग्राउंड लिफ्ट म्हणजे कॅननच्या एक नंबर पिनची जाळी कापणं, दुसरं काही नाही. मिक्सरला एका बोर्डावरून अर्थिंग, स्टेजला दुसऱ्या बोर्डावरून, दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि ऑडिओच्या वायरच्या जाळीने ते दोन टोकं जोडली गेली की तिच्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरायला लागतो (जिथे लाईट ६० हर्ट्झची तिथे ६०), तोच आपल्याला ऐकू येतो. हा वेढा कुठेतरी तोडावा लागतो आणि तोडायची योग्य जागा ऑडिओची वायर आहे. हे जोर देऊन सांगते कारण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, लोक प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात किंवा टेप गुंडाळतात. हमिंग जातं, खरंय. पण उद्या यंत्रात फॉल्ट आला तर ते व्होल्टेज बाहेरच्या पत्र्यावर येतं, आणि स्टेजवर कुणाच्या हातात लोखंडी माइक आणि कुणाचा हात गिटारच्या तारांवर. डीआय घ्यायला पैसे नसतील तर थांबा, हमिंगमध्ये उपासना घ्या, पण ती पिन तोडू नका.

आता लॅपटॉप. हे प्रकरण वेगळं आणि जास्त वैताग देणारं.

डीआयच्या आधी आम्ही लॅपटॉपला तीन प्रकारे जोडून बघितलं होतं. पहिला प्रकार, ईपी टू पी-३८ स्टिरिओ वायर घेतली आणि स्टेजवरच्या छोट्या मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये लावली. गाणं लावलं तर वाद्यं वाजतायत, गाणारा गायब! म्हणजे अगदी गायब नाही, लांब विहिरीत गातोय असा नुसता त्याचा घुमारा ऐकू यायचा. आम्ही फाइल बदलली, प्लेअर बदलला, एकाने तर लॅपटॉप फॉरमॅट करायचा सल्ला दिला. कारण इतकं साधं निघालं की हसू आलं. ते इनपुट बॅलन्स्ड होतं, त्याला वाटलं डावा चॅनेल म्हणजे सरळ सिग्नल आणि उजवा म्हणजे उलटा, म्हणून त्याने डाव्यातून उजवा वजा केला. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, तो वजा होऊन शून्य, उरलं ते बाजूबाजूचं. तुमच्याकडे कधी ट्रॅकमधला गायक असा पळून गेला तर फाइलला दोष देऊ नका, वायर बघा.

दुसरा प्रकार, डावा-उजवा एकत्र पिळून एकाच मोनो पिनला सोल्डर. चालतं, पण दोन आउटपुट एकमेकांच्या अंगावर सोडल्यासारखं होतं, लॅपटॉपच्या जॅकवर ताण येतो आणि आवाज फाटका. एकत्र करायचेच असतील तर मध्ये रेझिस्टर लागतात, ते कुणी टाकत नाही. तिसरा प्रकार ब्लूटूथ. नुसतं पार्श्वसंगीत लावायला ठीक, पण आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, त्याच्याबरोबर वाजवायला गेलं की आपण पुढे आणि ट्रॅक मागे. आणि ऐन प्रार्थनेत दुसऱ्याच कुणाचा फोन त्याच स्पीकरला जोडला गेला तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

नवीन डबीला ईपीचं भोक आहे, लॅपटॉपची वायर सरळ तिच्यात, डावा एका ट्रान्सफॉर्मरला, उजवा दुसऱ्याला, बाहेर दोन कॅनन. किंवा मोनोचं बटण दाबलं की दोन्ही नीट मिसळून एकाच कॅननवर. मोनोच्या बटणाबद्दल पुढे सांगते, त्याच्यावर माझा राग आहे.

लॅपटॉपचा जो आवाज यायचा तो घुंं नव्हता, तो चिरचिर होता. माउस हलवला की बदलायचा, पान सरकवलं की बदलायचा, जणू आत कुणी किडा बसलाय. हा चार्जरचा प्रताप. बघायचं असेल तर सोपं आहे, चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा, चिरचिर गेली तर मामला ग्राउंडचा. आम्ही कित्येक महिने असंच करायचो, उपासना सुरू झाली की मी चार्जर उपटायचे आणि शेवटच्या गीताला बॅटरी किती उरली ते बघत वाजवायचे. डीआय लावून लिफ्ट केल्यावर चार्जर लावलेला असला तरी चिरचिर नाही. ज्या दिवशी हे पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी बॅटरीच्या टक्क्यांकडे एकदाही बघितलं नाही.

पण दोनच आठवड्यांनी घुंं परत आला. आता कुठून? दोन्ही डब्या लिफ्ट केलेल्या, वायरी तपासलेल्या. एकेक वायर काढत गेलो तेव्हा कळलं की मी नवीन यूएसबी वायर लावली होती, कीबोर्डपासून लॅपटॉपला, मिडीसाठी (कुठली पट्टी दाबली एवढाच निरोप पाठवणारी जोडणी), कारण लॅपटॉपमधला एक छान पियानो वाजवून बघायचा होता. यूएसबीच्या वायरीत ग्राउंडची तार असते, म्हणजे कीबोर्ड आणि लॅपटॉप मागच्या दाराने परत जोडले गेले. कीबोर्डच्या डबीचा लिफ्टचा स्विच बघितला तर तो वायरी काढता-घालताना मूळ जागी सरकलेला. परत सरकवला, गप्प. यातली गंमत अशी की जुन्या पाच पिनच्या मिडी वायरला हा त्रासच नाही, १९८३ साली ते मिडीचं स्टँडर्ड ठरवणाऱ्यांनी घेणाऱ्या बाजूला ऑप्टोआयसोलेटर ठेवला, म्हणजे सिग्नल आत उजेडाने उडी मारून जातो, तारेने नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या लोकांना जे सुचलं ते यूएसबीवाल्यांनी सोडून दिलं. असो.

आणि एक मागचं दार म्हणजे प्रोजेक्टर. एचडीएमआयची वायर लॅपटॉपला लावली की प्रोजेक्टरचं ग्राउंड पण येऊन मिळतं, आणि प्रोजेक्टर छतावर, तिसऱ्याच बोर्डावर. लॅपटॉपची डबी नसती तर याचाही वेढा झालाच असता. मात्र एचडीएमआयचा दुसरा एक त्रास आहे आणि त्याला कुठलीच डबी उपयोगाची नाही. वायर लावली की लॅपटॉप स्वतःच ठरवतो की आता आवाज प्रोजेक्टरकडे पाठवायचा. तुम्ही व्हिडिओ लावता, चित्र दिसतं, हॉलमध्ये स्मशानशांतता, मागे दादा मिक्सरवरचा फेडर (आवाजाचा सरकता दांडा) वर-खाली करतोय, पाळकसाहेब माझ्याकडे बघतायत, आणि आवाज वर छताशी प्रोजेक्टरच्या बोटभर स्पीकरमधून कुजबुजतोय. मी आता प्रोजेक्टर जोडल्यावर आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट हेडफोनवर आणते, मगच पुढचं काम. त्याच फेरीत नोटिफिकेशनचे आवाज पण बंद करून टाकते, मेसेजचा टिंग हॉलभर घुमला की मंडळी हसते आणि पुढची पाच मिनिटं संदेश कुणी ऐकत नाही.

आता माझ्या तक्रारी, म्हणजे एक स्टार का कापला ते.

मोनोचं बटण. ते बाहेर आलेलं आहे, आत बसवलेलं नाही, आणि डबी जमिनीवर असते. आम्ही काही गीतांना ट्रॅक लावतो तेव्हा डाव्या चॅनेलला नुसता क्लिक (तालाची टकटक) आणि उजव्याला वाद्यं अशी फाइल बनवतो, क्लिक फक्त वाजवणाऱ्यांच्या कानात जातो, हॉलमध्ये जात नाही, त्यासाठी दोन चॅनेल वेगळे राहणं गरजेचं आहे. एका रविवारी कुणाचा तरी पाय बटणावर पडला. मोनो दाबलं गेलं, क्लिक आणि वाद्यं एक झाली आणि अख्ख्या मंडळीने टक टक टक टक ऐकत पूर्ण पहिलं कडवं म्हटलं. तालात म्हटलं हे मात्र खरं, एरवी शेवटचे तीन बाक अर्धा ठोका मागे असतात. तेव्हापासून बटणावर चिकटपट्टी आहे.

पॅडचा स्विच पण तसाच, नाव इतक्या बारीक अक्षरात की मोबाईलचा टॉर्च मारून वाचावं लागतं. पॅड म्हणजे जास्त जोराचा सिग्नल आत येताना कमी करणं. कीबोर्ड फुल ठेवून जोरात डाव्या हाताचे सूर वाजवले तर हलक्या ट्रान्सफॉर्मरवर खालचे सूर भरडल्यासारखे येतात, तेव्हा पॅड लागतो. मी कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊण ठेवते, लॅपटॉपचा साधारण ऐंशी टक्के, प्लेअरचा फुल, मग मिक्सरवर दादा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) लावतो. आधी उलटं करायचो, लॅपटॉप वीस टक्क्यांवर आणि मिक्सरचा गेन पूर्ण पिळलेला, म्हणजे गाण्याबरोबर सगळा खरखराट पण मोठा करून ऐकवायचो. डिजिटल मिक्सर असेल तर मीटरवर सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास बसवा, वरती जागा राहते.

ईपीचं भोक जरा सैल आहे. वायर ओढली गेली की एक बाजू जाते. बॉक्समध्ये वायर पण देत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागली, आणि ज्या लॅपटॉपला ईपीचा जॅकच नाही, नुसता टाइप-सी, त्याला वर आणखी एक छोटा डाँगल.

दुसरी एक गोष्ट मला आधी डबीचा दोष वाटली होती पण तो डबीचा नाही. मी कीबोर्डचे डावा-उजवा दोन्ही डबीला लावून मोनो केलं तर पियानो पोकळ वाजायला लागला, पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा. स्टिरिओ पियानोचे सँपल दोन माइकनी घेतलेले असतात, ते एकावर एक घातले की काही सूर एकमेकांना खातात. हॉलचे स्पीकर तसेही मोनोच चालतात, त्यामुळे स्टिरिओचा हट्ट धरून उपयोग नव्हता. कीबोर्डच्या मागे डाव्या भोकावर एल/मोनो लिहिलेलं असतं, फक्त तेच लावलं की बहुतेक कीबोर्ड स्वतः आतून मोनो करतात, आणि आवाजांच्या यादीत मोनो पियानो असेल तर तो घेतला की प्रश्नच मिटला. कीबोर्डमधला रिव्हर्ब मी जवळजवळ शून्यावर आणला, उंच छताच्या हॉलला स्वतःचाच घुमारा पुरून उरतो. आणि दादाने चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापलं, २५० च्या आसपास थोडं कमी केलं, तेव्हा कुठे बेस गिटारवाल्याचं आणि माझ्या डाव्या हाताचं भांडण थांबलं.

कीबोर्डच्या डबीचा दुसरा चॅनेल रिकामा राहिला म्हणून आमच्या गिटारवाल्याने अकूस्टिक गिटार लावून बघितली. बारीक, कोरडा आवाज, खालचं सगळं गेलेलं. पॅसिव्ह डीआय कीबोर्ड-लॅपटॉपसारख्या जोरकस आउटपुटला छान, पण ज्या गिटारमध्ये प्रीअँप (आतला छोटा ॲम्प्लिफायर) नाही, नुसता पीझो पिकअप (कंपन टिपणारा तुकडा) आहे, तिला ॲक्टिव्ह डीआय लागतो, जो फँटमवर किंवा बॅटरीवर चालतो. म्हणजे गिटारसाठी म्हणून हा घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका.

आणि तुमचा मिक्सर स्टेजवरच, हाताच्या अंतरावर असेल, त्याला यूएसबी असेल, तर लॅपटॉपसाठी आधी ते वापरून बघा, मिक्सर लॅपटॉपमध्ये साउंड कार्ड म्हणून दिसतो. आमच्याकडे ते शक्य नव्हतं कारण मिक्सर २५ मीटरवर आणि यूएसबीची साधी वायर पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. शिवाय यूएसबीतून पण ग्राउंड जातंच, त्यामुळे चिरचिर तिथेही येऊ शकते.

पाचपैकी चार. ईपीचा जॅक सोडला तर सहा महिन्यांत एकदाही बिघाड नाही, बिघडण्यासारखं आत काही नाहीच. डबी लावली असली तरी कीबोर्डची वायर काढा-घाला करताना चॅनेल म्यूट करायचं विसरू नका, धडाम आवाज येतो तो डबी अडवत नाही. आमचा ईपीचा जॅक आणखी सैल झालाय, या रविवारी पुन्हा डावी बाजू गेली होती, आता दादा म्हणतोय वायर डबीच्याच अंगाला टायने बांधून टाकू म्हणजे ओढ जॅकवर येणार नाही, ते जमलं तर इथेच खाली लिहीन.